शिप्टनची चार मुलं

मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली कोण कोण अमेरिकेला गेलं, याची भरवशाची यादी एकच आहे. प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी ती प्रवासानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आपल्या इतिहासाच्या बाडाला जोडली. कुटुंबागणिक नावं, आणि पुढे त्यांच्यातलं कोण जगलं, कोण गेलं, कोणाला किती मुलं झाली. आज लाखो अमेरिकन माणसं आपली वंशावळ ज्या १०२ प्रवाशांपर्यंत नेऊन भिडवू पाहतात, त्यांचा पाया म्हणजे ही पानं.

ते बाडही मधल्या काळात हरवलं होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते बॉस्टनमधून नाहीसं झालं आणि १८५५ साली लंडनजवळच्या फुलम इथे, बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडलं. १८५६ मध्ये बॉस्टनला ते पहिल्यांदा संपूर्ण छापलं गेलं आणि मूळ हस्तलिखित १८९७ साली परत गेलं. बाड छापल्यावर कुठे कुळवृत्तांत लिहिणाऱ्यांना ती नावं एकत्र वाचता आली. १८९७ मध्येच मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्थाही स्थापन झाली.

यादीत चार मुलं आहेत आणि त्यांच्याबरोबर आई नाही, बाप नाही, काका-मामा कोणी नाही. जॉन कार्व्हर यांच्या कुटुंबात जॅस्पर मोर नावाचं एक मूल ‘सोपवलेलं’ म्हणून दाखवलं आहे. एडवर्ड विन्स्लो यांच्याकडे एलन नावाची एक लहान मुलगी, ‘रिचर्ड मोरची बहीण’ एवढ्याच ओळखीवर. आणि विल्यम ब्रूस्टर यांच्याकडे रिचर्ड मोर आणि ‘त्याचा आणखी एक भाऊ’. मोर आडनावाचं मोठं माणूस जहाजावर एकही नाही.

मग ही मुलं कोणाची? इंग्लंडमधून मुलं वसाहतीत धाडण्याचा प्रकार तेव्हा नवा नव्हता. १६१९ मध्ये लंडन शहरानं रस्त्यावरची शंभर मुलं व्हर्जिनियाला रवाना केली होती. गरिबांची, अनाथांची मुलं गोळा करायची आणि तंबाखूच्या शेतात कामाला लावायची, ही व्यवस्था शहराच्या कारभाऱ्यांना पुण्यकर्म वाटत होती. तेव्हा मोर मुलंही अशीच कुठूनतरी उचललेली पोरकी पोरं असणार, असा तर्क पुष्कळ वर्षं चालला. तर्क सोपा होता आणि त्याला धक्का देणारा कागद कोणाच्या समोर नव्हता.

कागद होता मात्र. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्सच्या सीमेलगत श्रॉपशर नावाची काउंटी आहे. तिथल्या शिप्टन गावच्या सेंट जेम्स चर्चच्या नोंदवहीत चार बाप्तिस्मे ओळीनं सापडतात. एलिनॉर, २४ मे १६१२. जॅस्पर, ८ ऑगस्ट १६१३. रिचर्ड, १३ नोव्हेंबर १६१४. मेरी, १६ एप्रिल १६१६. आईबाप सॅम्युएल आणि कॅथरीन मोर. ब्रॅडफर्डच्या यादीतली तीन नावं इथे आहेत, एलनचं एलिनॉर एवढाच फरक. चौथं नाव मेरीचं, म्हणजे रिचर्डचा तो ‘आणखी एक भाऊ’ बहीण होती. तीस वर्षांनी आठवून लिहिताना ब्रॅडफर्ड चुकले. चार वर्षांची पोर पहिल्याच हिवाळ्यात गेली होती, ती मुलगा होती की मुलगी हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

जुन्या इंग्लिश नोंदी वाचताना आणखी एक खाचखळगा सांभाळावा लागतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. कॅथरीन आणि सॅम्युएल यांचं लग्न झालं ते ४ फेब्रुवारी १६१०, असं तेव्हाच्या गणनेनं लिहिलं गेलं. आपल्या हिशेबानं ते १६११. ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांच्या वंशावळीत एखादं मूल एक वर्ष अलीकडे-पलीकडे सरकतं आणि त्या एका वर्षावरून नको त्या शंका निघतात.

शिप्टनच्या नोंदींनी एक कोडं सोडवलं आणि त्याहून अवघड दुसरं पुढे ठेवलं. मोर हे श्रॉपशरचं जुनं जमीनदार घराणं. लार्डनची एक शाखा, लिन्लीची दुसरी. दोघांकडेही जमीनजुमला, कुळं, वाडे. अशा घरातली आठ, सात, पाच आणि चार वर्षांची मुलं परक्या माणसांच्या हवाली करून, अटलांटिकपलीकडे, जिथे एकही घर उभं नाही अशा किनाऱ्याकडे कोण पाठवील?

उत्तर मिळालं १९५९ मध्ये. लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समधले वंशशास्त्राचे नामांकित अभ्यासक अँथनी वॅग्नर यांचे एक स्नेही होते जॅस्पर मोर, लिन्लीच्या त्याच घराण्यातले. घरच्या जुन्या कागदांत या मुलांविषयी काही आहे का ते पाहा, असं वॅग्नर यांनी त्यांना सुचवलं. लिन्ली हॉल ही वास्तू अठराव्या शतकातली. कागद तिच्याहूनही जुने, म्हणजे कोणीतरी आधीच्या घरातून ते जपून नव्या घरात आणले होते. त्या बाडात १६२२ सालची एक कैफियत निघाली. वॅग्नर यांनी ती १९६० साली ‘न्यू इंग्लंड हिस्टॉरिकल अँड जिनिअलॉजिकल रजिस्टर’मध्ये प्रसिद्ध केली. १८४७ पासून चालत आलेलं हे नियतकालिक म्हणजे अमेरिकन वंशसंशोधनाचं मुख्य पीठ. जवळजवळ साडेतीनशे वर्षं ज्या चार मुलांना कोणी वाली नव्हता, त्यांच्या पाठवणीचं कारण त्या अंकात मिळालं.

कैफियत लिहिली आहे सॅम्युएल मोर यानं. तिच्या मथळ्यातच सगळं प्रकरण आलं आहे. ‘कॅथरीन मोरच्या चार मुलांची’ काय व्यवस्था लावली आणि ती लावण्याची कारणं काय, हे तिचा ‘पूर्वीचा नवरा’ सांगतो आहे, असा तो मथळा. तो ‘माझ्या मुलांची’ म्हणत नाही. ‘आमच्या’ही म्हणत नाही.

लग्न मालमत्तेसाठी लावलं गेलं होतं. कॅथरीन ही लार्डनच्या जॅस्पर मोरची मुलगी. वडिलांना मुलगा वारस उरला नव्हता. लार्डनची जमीन घराण्याबाहेर जाऊ नये म्हणून लिन्लीच्या रिचर्ड मोरच्या मुलाशी, म्हणजे भाऊबंदांतल्याच सॅम्युएलशी तिचं लग्न लावून दिलं. नवरा सोळा-सतरा वर्षांचा. नवरी त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, पंचविशीच्या घरातली. पाच वर्षांत चार मुलं झाली. सॅम्युएल बराचसा काळ लंडनला असे, लॉर्ड झूश या बड्या सरदाराचा चिटणीस म्हणून.

१६१६ साली, मेरीच्या जन्माच्या सुमारास, सॅम्युएलनं मुलांचा वारसाहक्क मोडून काढला. ही मुलं माझी नाहीत, असं त्याचं म्हणणं. कैफियतीत तो सांगतो की चौघांची चेहरेपट्टी जेकब ब्लेकवे नावाच्या माणसासारखी आहे. ब्लेकवे जवळच राहणारा, हलक्या परिस्थितीतला तरुण. कॅथरीननं संबंध नाकारले नाहीत, असंही तो लिहितो. उलट, ब्लेकवेशी आपला आधीच विवाहाचा करार झाला होता. साक्षीदारांनिशी तो सिद्ध करता येत नसला तरी देवापुढे तो लग्नच आहे, असं ती म्हणाली.

हे तिचं म्हणणं वरवर वाचून सोडून देण्यासारखं नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये दोन माणसांनी एकमेकांना ‘आजपासून तू माझी बायको, तू माझा नवरा’ असं वर्तमानकाळात वचन दिलं तर चर्चचा कायदा ते लग्न मानत असे. वेदीपुढे उभं राहिलं नाही तरी चालत असे. साक्षीदार मात्र लागत. म्हणजे कॅथरीनचं म्हणणं खरं असेल तर सॅम्युएलशी झालेलं लग्नच खोटं ठरतं, आणि ब्लेकवेपासून झालेली मुलं औरस ठरतात. साक्षीदार नव्हते, म्हणून ती व्यभिचारी ठरली आणि मुलं अनौरस. तिला लार्डनच्या जमिनीसाठी दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं नसतं तर ही चार मुलं श्रॉपशरमध्येच कुठेतरी शेतकऱ्याच्या घरी वाढली असती, असं मला हा कागद वाचताना वाटत राहतं.

सॅम्युएलनं मुलांना आईपासून तोडून आपल्या बापाच्या एका कुळाच्या घरी ठेवलं. चार वर्षं ती तिथेच होती. कॅथरीन तिथे वारंवार जाऊन थडकत राहिली. तिनं मुलांच्या अंगावरचे कपडे फाडले, आरडाओरडा केला, असं कैफियतीत लिहिलं आहे. सॅम्युएलनं हे तिच्या वेडाचाराचा पुरावा म्हणून नोंदवलं. आज तेच वाक्य वाचणाऱ्याला त्यात आपल्या लेकरांना ओढून घरी न्यायला आलेली बाई दिसते. कागद लिहिणाऱ्याचा हेतू एक असतो आणि कागद बोलतो भलतंच, असं जुन्या दप्तरांत अनेकदा होतं.

ती कोर्टातही गेली. चर्चच्या न्यायालयात सॅम्युएलनं विभक्त राहण्याचा निवाडा मिळवला, तिनं त्यावर अपील केलं. आजच्यासारखा काडीमोड तेव्हा नव्हता. निवाडा वेगळं राहण्यापुरता असे आणि पुन्हा लग्न करण्याची मोकळीक त्यानं मिळत नसे. ८ जुलै १६२० रोजी शेवटचा निकाल कॅथरीनच्या विरुद्ध लागला. त्यानंतर काही आठवड्यांतच मुलांना लंडनला आणलं गेलं.

लॉर्ड झूश व्हर्जिनिया कंपनीच्या कारभारात होते, तेव्हा त्यांच्या चिटणिसाला समुद्रापलीकडच्या वसाहतींची बित्तंबातमी असणार हे उघड आहे. थॉमस वेस्टन हा लोखंडाचा व्यापारी एका टोळीच्या प्रवासाला भांडवल उभं करत होता. ती टोळी म्हणजे हॉलंडमधल्या लायडेनला आश्रय घेतलेले धर्मनिष्ठ इंग्रज आणि त्यांच्याबरोबर लंडनहून निघालेली इतर माणसं. जॉन कार्व्हर आणि रॉबर्ट कुशमन त्यांच्या वतीनं व्यवहार पाहत होते. करार झाला. सॅम्युएलनं चौघांसाठी दुप्पट हिस्सा, एकूण सुमारे १०० पौंड भरायचे. त्यांनी मुलांना अन्न, वस्त्र, निवारा द्यायचा. आणि सात वर्षांनी प्रत्येकाला ‘व्हर्जिनियात’ ५० एकर जमीन मिळायची. इंग्लंडमध्येच राहिली तर आईच्या पापाचा डाग मुलांना आयुष्यभर चिकटेल, म्हणून दूर पाठवलं, असं कारण कैफियतीत दिलं आहे. या कारणावर माझा विश्वास बसत नाही. डागाची एवढीच काळजी असती तर दूरच्या एखाद्या परगण्यात मुलांना कुणाकडे शिकाऊ म्हणून ठेवता आलं असतं. त्या काळी शेकडो घरांतली मुलं तशी राहत होती. इथे हिशेब असा होता की आई पुन्हा दारात येऊन उभी राहू नये. मध्ये समुद्र हवा होता.

५० एकरांबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. ती जमीन देणाऱ्यांची नव्हती. मेफ्लॉवरची माणसं शेवटी जिथे उतरून राहिली तिथे पटक्सेट नावाचं वाम्पानोआग लोकांचं गाव होतं. १६१६ ते १६१९ या वर्षांत किनाऱ्यावर पसरलेल्या साथीनं ते ओस पडलं होतं. प्लिमथची घरं त्या रिकाम्या गावाच्या नांगरलेल्या जमिनीवर उभी राहिली. अमेरिकेतल्या जुन्या कुटुंबांच्या वंशावळी बहुधा ‘अमुक साली येऊन जमीन मिळाली’ इथून सुरू होतात. कोणाकडून मिळाली, हा रकाना त्यांत नसतो.

मुलांना लंडनमध्ये वेस्टनच्या घरी ठेवलं गेलं आणि तिथून जहाजावर चढवलं गेलं. एलिनॉर विन्स्लोंकडे, जॅस्पर कार्व्हरांकडे, रिचर्ड आणि मेरी ब्रूस्टरांकडे. सोबतचं स्पीडवेल जहाज गळू लागल्यामुळे आधीच महिनाभर वाया गेला होता. मेफ्लॉवर सप्टेंबरमध्ये एकटंच निघालं आणि नोव्हेंबरमध्ये केप कॉडच्या आत नांगर टाकून थांबलं. थंडी सुरू झाली होती. राहायला जागा नव्हती, तेव्हा बायकामुलं कितीतरी आठवडे जहाजाच्या पोटातच होती. सात वर्षांचा जॅस्पर ६ डिसेंबरला जहाजावरच गेला. प्लिमथला पोचायचं त्याच्या नशिबी नव्हतं. आठ वर्षांची एलिनॉर आणि चार वर्षांची मेरी त्याच हिवाळ्यात गेल्या. वसंत येईपर्यंत जहाजावरच्या माणसांतली जवळपास निम्मी मेली होती. चौघांपैकी एक उरला, सहा वर्षांचा रिचर्ड.

ज्या ब्रूस्टरांकडे तो वाढला ते वसाहतीचे धर्मोपदेशकाच्या जागी असलेले वडीलधारे गृहस्थ. लायडेनला असताना त्यांनी इंग्लंडच्या राजाला न रुचणारी पुस्तकं छापली होती, आणि वसाहतीत त्यांचा ग्रंथसंग्रह सगळ्यांत मोठा होता. २२ मे १६२७ रोजी वसाहतीनं आपली गुरं वाटून घेतली तेव्हा ब्रूस्टरांच्या गटात रिचर्ड मोरचं नाव आहे. त्या गटाच्या वाट्याला ‘आंधळी’ म्हणून ओळखली जाणारी एक कालवड आणि दोन शेळ्या आल्या. जमीनदाराच्या घरी बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या नावावर कागदोपत्री लागलेली ही पहिली मिळकत, तेरा जणांच्या भागीदारीतली.

पुढचं आयुष्य समुद्रावर गेलं. २० ऑक्टोबर १६३६ रोजी प्लिमथला त्याचं क्रिश्चन हंटर हिच्याशी लग्न झालं. ती आदल्या वर्षी ब्लेसिंग जहाजातून आली होती. १६३७ मध्ये त्यानं डक्सबरीची जमीन विकली आणि कुटुंब उत्तरेला सेलमला नेलं. सेलम हे तेव्हा मासेमारी आणि व्यापाराचं वाढतं बंदर. रिचर्ड खलाशी झाला, मग कप्तान. व्हर्जिनियाचा तंबाखू, वेस्ट इंडीजचा माल, इंग्लंडच्या फेऱ्या. सेलमच्या चर्चमध्ये त्याच्या सात मुलांचे बाप्तिस्मे झाले: सॅम्युएल, थॉमस, केलेब, जोशुआ, रिचर्ड, सुझॅना, क्रिश्चन. पहिली दोन नावं ६ मार्च १६४२ ला एकाच दिवशी नोंदली गेली. थोरल्याचं नाव सॅम्युएल. ज्या माणसानं त्याला समुद्रापार धाडलं त्याचंच नाव त्यानं पहिल्या मुलाला दिलं. त्या काळच्या रिवाजानुसार मुलगा आजोबांचं नाव घेई. रिचर्डच्या मनात बाप म्हणून कोण होतं याचा हा एवढाच दुवा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

वंशसंशोधकानं एकाच गावाचे कागद पाहून थांबू नये, याचा धडाही याच कप्तानानं दिला आहे. लंडनच्या पूर्वेला, खलाशांच्या वस्तीतल्या स्टेपनी इथे, सेंट डन्स्टन चर्चच्या विवाहनोंदीत २३ ऑक्टोबर १६४५ या तारखेला रिचर्ड मोर आणि एलिझाबेथ वूल्नो यांचं लग्न लागलेलं आहे. काही महिन्यांनी तिथेच एलिझाबेथ नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा. सेलमला क्रिश्चन जिवंत होती; पुढच्याच वसंतात, ३ मे १६४६ ला, जोशुआचा बाप्तिस्मा झाला. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच माणसाची दोन घरं. ही गोष्ट फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीला अभ्यासकांच्या नजरेत आली, कारण सेलमच्या कप्तानाचा शोध स्टेपनीच्या वहीत घ्यावा हे कोणाला सुचलंच नव्हतं.

आणि सॅम्युएलचं काय झालं? त्यानं १६२५ मध्ये एलिझाबेथ वर्स्ली हिच्याशी दुसरं लग्न केलं. यादवी युद्धात तो राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूनं उभा राहिला. १६४४ मध्ये श्रॉपशरच्या हॉप्टन कॅसलला राजाच्या फौजेनं वेढा दिला तेव्हा किल्ल्याचा सरदार तोच होता. गढी पडल्यावर आतली शिबंदी कापून काढली गेली. जिवंत ठेवलेला सॅम्युएल. नंतर तो पार्लमेंटचा सभासद झाला आणि १६६२ मध्ये मरण पावला. त्या वेळी सेलमचा कप्तान सत्तेचाळीस वर्षांचा, सात मुलांचा बाप होता. दोघांत पत्रव्यवहार झाल्याचा एकही कागद लिन्लीच्या बाडात निघालेला नाही.

क्रिश्चन १६७६ मध्ये गेली. रिचर्डनं जेनशी लग्न केलं. तीही १६८६ मध्ये गेली. १६८४ साली एका जबानीत त्यानं आपलं वय सुमारे सत्तर सांगितलं आणि १६२० मध्ये लंडनच्या थॉमस वेस्टनच्या घरातून आपल्याला न्यू प्लिमथला आणलं गेलं असंही सांगितलं. शिप्टनची वही, लिन्लीची कैफियत आणि सेलमची जबानी, तीन ठिकाणचे तीन कागद, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, या एका वाक्यात जुळतात. वंशावळ सिद्ध होते ती अशी. नाव सारखं आहे एवढ्यानं काही ठरत नाही.

१६८८ मध्ये सेलमच्या चर्चनं म्हाताऱ्या कप्तानाला वाळीत टाकलं. कारण परस्त्रीशी संबंध. पश्चात्ताप व्यक्त केल्यावर १६९१ मध्ये त्याला पुन्हा आत घेतलं. ज्या आरोपावरून आईची चार मुलं तोडली गेली, त्याच आरोपाखाली मुलगा उभा राहिला. आईला परत घेणारं चर्च मात्र कुठे नव्हतं. पुढच्याच वर्षी सेलममध्ये चेटकिणींचे खटले सुरू झाले. कप्तानानं ते वर्ष आपल्या गावात राहून काढलं.

त्याच्या थडग्याची शिळा सेलमच्या चार्टर स्ट्रीटवरच्या दफनभूमीत उभी आहे. मेफ्लॉवरच्या प्रवाशांपैकी ज्याची मूळ शिळा मूळ जागी आजही आहे असा हा एकटाच. याच आवारात चेटूक खटल्यांतले न्यायाधीश जॉन हॅथॉर्नही पुरले आहेत. शिळेवर वय ८४ कोरलं आहे, खाली मृत्यूचं साल १६९२ आणि ‘मेफ्लॉवरचा प्रवासी’ ही अक्षरं. साल आणि प्रवासी ही ओळ खूप नंतर, विसाव्या शतकात, खोदली गेली. दोन्ही आकडे खरे धरले तर रिचर्डचा जन्म १६०८ चा ठरतो, म्हणजे आईबापांच्या लग्नाआधीचा. कागद सांगतात की तो १६९४ च्या मार्चमध्ये जिवंत होता आणि १६९६ च्या एप्रिलपूर्वी गेला, वयाच्या ऐंशीच्या आसपास. दगडावरचं सारं खरंच असतं असं मानून किती घराण्यांच्या वंशावळी वाकड्या गेल्या असतील! शेजारी क्रिश्चनची शिळा आहे आणि जेनचीही. जेनच्या शिळेवर ‘दुसरी बायको’ असं कोरलं आहे. स्टेपनीची एलिझाबेथ त्या हिशेबात नाही.

रिचर्डची वंशवेल रिचर्ड या मुलाकडून आणि सुझॅना व क्रिश्चन या दोन मुलींकडून पुढे वाढली. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेनं पहिल्या पाच पिढ्यांचा पडताळा घेऊन जे खंड काढले त्यांत या कुटुंबालाही जागा आहे. आणि एक गोष्ट वॅग्नर यांनी १९७० साली त्याच रजिस्टरमध्ये मांडली. कॅथरीनच्या बाजूनं मागे मागे गेलं तर ही वेल इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड आणि स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम यांच्यापर्यंत पोचते. मेफ्लॉवरच्या प्रवाशांत राजघराण्यापासूनचा वंश कागदानिशी सिद्ध झालेली माणसं म्हणून रिचर्ड मोर आणि त्याची भावंडं एवढीच गणली जातात. आज अमेरिकेत जी कुटुंबं त्याच्या वेलीवर आपलं नाव दाखवतात, त्यांतल्या कित्येकांच्या वंशावळीच्या माथ्यावर मुकुट काढलेला असतो. त्या वेलीत सॅम्युएल मोरचं नाव असलं काय आणि ब्लेकवेचं असलं काय, फरक पडत नाही. ती कॅथरीनवरून जाते. कैफियतीच्या मथळ्यात सॅम्युएलनं लिहिलं होतं तसंच, ही कॅथरीन मोरची मुलं.

ती कैफियत त्यानं आपणहून लिहिलेली नाही. १६२२ मध्ये कॅथरीननं इंग्लंडच्या मुख्य न्यायाधीशांकडे अर्ज केला, त्याला दिलेलं ते उत्तर आहे. आपल्या मुलांची काय व्यवस्था लावली, असं ती विचारत होती. तिनं अर्ज केला तेव्हा चौघांतली तिघं वर्षभरापूर्वीच गेली होती.